सुहासिनीबाईंचा खिसा

सुहासिनी बेहेरे माझी विद्यार्थिनी. सातवी ब, खिडकीकडचा तिसरा बाक. त्या वर्षी शाळेने मुलींना रुमाल सक्तीचा केला आणि गणवेशाला खिसा द्यायला विसरली. मुली रुमाल सेफ्टी पिनेने छातीवर लावून यायच्या, जणू प्रत्येकीला कसलंसं पदक मिळालंय. एक दिवस माझ्या तासाला सुहासिनी उभी राहिली.

"बाई, मुलांच्या चड्डीला दोन खिसे असतात आणि त्यांच्याकडे रुमाल नसतो. आमच्याकडे रुमाल आहे, तर खिसा का नाही?"

मी म्हटलं, "खाली बस. आपण समास शिकतोय."

प्रश्न बरोबर होता. उत्तर मला येत नव्हतं. शिक्षकाला उत्तर येत नसलं की समास फार उपयोगी पडतात.

पुढे ती एका सहकारी बँकेत लागली आणि एकोणतीस वर्षं कॅशियर राहिली. तिजोरीची किल्ली 'सदैव जवळ बाळगावी' असा तिथे नियम होता. कुठे बाळगावी, हे नियम लिहिणाऱ्या गृहस्थांना सुचलं नसावं. त्यांना स्वतःला ती अडचण नव्हती. सुहासिनीने साडीच्या दिवसांत किल्ली कमरेला खोचली, पंजाबी ड्रेसच्या दिवसांत रुमालात गुंडाळून मुठीत धरली. एकदा ती रिक्षात राहिली. रिक्षावाल्याने अर्ध्या तासात आणून दिली, पण मॅनेजरसाहेबांनी तिला 'जबाबदारीची जाणीव' या विषयावर पाऊण तास ऐकवलं. ऐकवताना साहेबांचे दोन्ही हात पँटच्या खिशात होते.

हे सगळं सांगायचं कारण, बावन्नाव्या वर्षी तिने स्वेच्छानिवृत्ती घेऊन बायकांच्या कुर्त्यांचा ब्रँड काढायचं जाहीर केलं, तेव्हा आम्ही दोघी राहतो त्या इमारतीत सगळ्यांना आश्चर्य वाटलं, एकट्या मला वाटलं नाही. प्रत्येक कुर्त्याला दोन खिसे. खरे खिसे, मोबाइल, किल्ल्या आणि छोटं पाकीट घालून बाई जिना उतरली तरी कुर्ता एका बाजूला ओढला जायचा नाही असे. ब्रँडचं नाव 'खिसा'.

सदाशिव पेठेत नव्या उद्योगाचं जसं स्वागत होतं तसंच झालं. शेजारच्यांनी "बरं झालं, वेळ कसा घालवणार हा प्रश्न सुटला" असं अभिनंदन केलं. तिच्या नणंदेने "आता दुकानात सगळंच मिळतं गं" अशी हिंमत दिली. नवरा बाळ (वय एकोणसाठ, तरी बाळच) पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "नाव छान आहे. रिकामा कोणाचा होणार ते कळलं."

मला मात्र तिने जिन्यात थांबवून सांगितलं, "बाई, एकोणतीस वर्षं लोकांच्या स्लिपांवर शिक्के मारले. एक तरी वस्तू अशी व्हावी, की हातात घेऊन म्हणता येईल, ही मी केली."

दिवाळीआधीच्या प्रदर्शनात कर्वे रस्त्यावरच्या हॉलमध्ये तिने तीन दिवसांचा स्टॉल घेऊन टाकला होता. हातात दोन महिने होते. नाव ठरलं होतं, कापड ठरलं होतं, ब्रँडच्या नावाच्या चिठ्ठ्याही छापून आल्या होत्या. कुर्ते शिवायचे कोणी, एवढाच किरकोळ प्रश्न बाकी होता. सुहासिनीला स्वतःला बटण लावता येत असे, तेही दुसऱ्या प्रयत्नात.

हा प्रश्न सोडवायला मुलगा आमोद आला. आमोद हिंजवडीला असतो. त्याचं निम्मं आयुष्य तिथल्या रस्त्यावर गाडीत बसून जातं आणि उरलेल्या निम्म्यात तो लोकांना वेळेचं नियोजन शिकवतो. त्याने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि आईला चार रकाने दाखवले.

"आई, बेसिकली चार मॉडेल्स आहेत. एक, तयार माल घे, वर आपलं लेबल लाव. दोन, ऑनलाइन कंपनी. ऑर्डर आली की तेच शिवतात, तेच पाठवतात. तीन, जॉबवर्क, कापड आपलं, कटिंग-शिलाई कारखान्याची. चार, स्वतःचं युनिट. चौथं मी लाल केलंय."

"लाल म्हणजे?"

"म्हणजे मशीन, माणसं, जागा, लाइटबिल. म्हणजे बाबांना ॲटॅक."

"मला विचारून ॲटॅक ठरवत जा," बाळ पेपराआडून म्हणाला.

"मला दुसरं आवडतं," आमोद म्हणाला. "त्यात तुला कशालाही हात लावावा लागत नाही."

"अरे, मला हात लावायचाच आहे."

"आई, तो इमोशनल पॉइंट झाला. त्याला रकाना नाहीये."

सुहासिनीने रकाने बाजूला ठेवले आणि स्कूटर काढली. रविवार पेठेतल्या एका व्यापाऱ्याने तिला चहा पाजला आणि कुर्त्यांचे गठ्ठे दाखवले. "माल आमचा, नाव तुमचं. मॅडम, उद्या दुपारी या, ब्रँड घेऊन जा."

"याला खिसे कुठे आहेत?"

"खिशाचा लुक देऊ ना! वरून शिलाई मारायची फक्त. लेडीज लोकांना काय, दिसल्याशी मतलब."

सुहासिनीने दुकानभर नजर फिरवली आणि शांतपणे विचारलं, "तुमच्या गल्ल्याला कुलूप आहे, की कुलपाचा लुक?"

तरी तिने नमुना घेतला. बँकेत ती एकही अर्ज न वाचता परत करत नसे. ऑनलाइनवाल्यांचाही नमुना कुरिअरने आला. त्याला खिसा होता. त्यात हात जायचा. बोटं मात्र बाहेर ठेवावी लागत.

मग ती हडपसरला गेली. तिथल्या कारखान्याचं बाहेरचं ऑफिस गार होतं, खुर्च्या फिरत्या होत्या आणि साईनाथ नावाचा तरुण 'मॅडम' शिवाय वाक्य सुरू करत नव्हता. किमान तीनशे नग, त्याखाली नाही. सुहासिनीने शिवण्याची जागा बघू का विचारलं, तर तो हळहळून म्हणाला, "मॅडम, सेफ्टीचा इश्यू असतो. पण तुम्ही निश्चिंत राहा. सॅम्पल बघा, मग बोला. आमची क्वालिटी टीम आहे."

आठ दिवसांनी सॅम्पल आलं आणि सुहासिनी ते घेऊन धावत माझ्याकडे आली. खरं सांगते, कुर्ता हातात घेतल्यावर मीही तो उलटसुलट करून पाहिला. शिवण बाहेरून दिसते तशीच आतून. खिसा बाजूच्या शिवणीत असा बसवलेला, की हात घालेपर्यंत आहे हे कळू नये. तोंडाला आतून सुती फीत लावलेली, म्हणजे वजनाने तोंड पसरायला नको. आणि तळ गोल.

"कोपरा नाही, बाई!" सुहासिनी खिसा उलटा करून दाखवत होती. "कोपऱ्यात शेंगदाण्याचा चुरा साठतो, किल्लीचं टोक घुसून भोक पडतं. केवढा विचार केलाय त्या कारखान्याने! मी सांगितलंसुद्धा नव्हतं."

आमोदने फोनवर फोटो बघून निकाल दिला, "मॅच्युअर प्रोसेस आहे त्यांची."

साईनाथने सोमवारची मुदत दिली होती. सोमवारी होकार नाही आला, तर दिवाळीच्या आधीची त्यांची तारीख दुसऱ्याला जाणार होती. तीनशे कुर्ते म्हणजे सुहासिनीच्या निवृत्तीच्या रकमेतला केवढा वाटा, ते मी इथे सांगत नाही. बाळने रात्री दोनदा उठून पाणी प्यायला सुरुवात केली होती, एवढं पुरे.

दुसरी कोणी असती तर तेवढ्यावर हो म्हणाली असती. पण सुहासिनी बँकेतली. तिथे एकाने लिहिलेलं दुसऱ्याने तपासल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. "तिन्ही नमुने कोणाकडून तरी तपासून घेते," ती म्हणाली. "ज्याचा यात काही संबंध नाही अशा माणसाकडून."

असा माणूस आमच्या गल्लीतच होता. करीममास्तर.

करीममास्तरांचं दुकान समोरच्या इमारतीच्या जिन्याखाली. एक मशीन, एक इस्त्री आणि एक पाटी : 'अल्टर करून मिळेल. नवे कपडे शिवून मिळणार नाहीत. कारण विचारू नये.' बाहेरगावच्या माणसाला अशा पाटीचा राग येतो म्हणतात. आम्हाला घरी आल्यासारखं वाटतं. मास्तर राहायला घोरपडी पेठेत. वय सदुसष्ट, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, बांधणी अर्थातच सुबक. मंगळवारी आणि गुरुवारी ते दुपारी एकला कुलूप लावत आणि त्या दिवशी पुन्हा उघडत नसत. का, हे कोणी कधी विचारलं नाही. आमच्याकडे माणूस दुपारी कुठे असतो हे विचारणं म्हणजे त्याच्या झोपेवर संशय घेणं. मास्तरांची झोप वयोमानाने लांबली असेल, असं गल्लीने गृहीत धरलं होतं.

गल्लीने त्यांना आणखी एका गोष्टीत गृहीत धरलं होतं. पँट लांब झाली, ब्लाउज घट्ट झाला, चेन बिघडली की मास्तर. सुहासिनीने गावभर शिवणारी माणसं शोधली, रविवार पेठ पाहिली, हडपसर पाहिलं. स्वतःच्या खिडकीतून दिसणाऱ्या मशीनकडे तिचं लक्ष गेलं ते तपासनीस म्हणून. मी तिची शिक्षिका. माझंही गेलं नाही.

रविवारी सकाळी दहाला बेहेऱ्यांच्या हॉलमध्ये परीक्षा भरली. सुहासिनीने तिन्ही कुर्त्यांवरच्या खुणा, चिठ्ठ्या काढून टाकल्या होत्या आणि क्रमांक टाचले होते : एक, दोन, तीन. गुणपत्रिका माझी. गळा पाच, बाही पाच, शिवण पाच, खिसा पाच. मास्तरांबरोबर त्यांची सून शहजादी आली होती. तिला पुढे बाजीराव रस्त्यावर अस्तर घ्यायचं होतं, आणि सासऱ्यांना परीक्षक झालेलं बघायचंही असावं.

मास्तरांनी आधी तिन्ही कुर्ते न बघताच उलटे केले. "बाहेरून सगळेच हसतात," ते म्हणाले.

एक नंबर. रविवार पेठ. मास्तरांनी खिशाच्या शिलाईवरून बोट फिरवलं, हात घालायला गेले, थांबले. "ताई, हा खिसा नाही. खिशाची आठवण आहे."

"किती गुण?" मी विचारलं.

"आठवणीला शून्य. गळ्याला दोन द्या, पोराने कोशिश केली आहे."

दोन नंबर. ऑनलाइन. "याचा धागा पांढरा, कापड बदामी. ज्याने शिवला त्याने कापड पाहिलंच नाही, मशीनमध्ये होता तोच धागा चालवला. सात." शहजादी हळूच म्हणाली, "अब्बा, सात जास्त झाले." ते म्हणाले, "बाई बसल्यात समोर, एकदम नापास कसा करू?"

तीन नंबर. त्यांनी कुर्ता मांडीवर घेतला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. खिशात मूठ घातली आणि तशीच ठेवली. मग कुर्ता नीट घडी करून माझ्यासमोर सरकवला.

"हा पेपर मी तपासणार नाही."

"का हो मास्तर?" सुहासिनीचा चेहरा पडला. "इतका वाईट आहे?"

मास्तर माझ्याकडे बघत म्हणाले, "बाई, तुमच्या शाळेत मास्तर स्वतःच्या मुलाचा पेपर तपासायचे का?"

सदतीस वर्षं शाळेत काढल्यामुळे तेवढं मला सुहासिनीच्या आधी कळलं. मग तिला कळलं. बाळने प्रथमच पेपर खाली ठेवला.

"मंगळवार आणि गुरुवार," शहजादी म्हणाली. "दीडच्या बसने हडपसर. सॅम्पल सगळे अब्बा शिवतात. तिकडे यांना 'टीम' म्हणतात."

मास्तर ओशाळले. "मला काय माहीत कुर्ता कोणाचा आहे? कागदावर फक्त लिहिलं होतं, 'लेडीज, खिसे दोन, मोबाइल बसला पाहिजे.' म्हटलं, कोणीतरी बाई आहे जिला खरंच खिसा पाहिजे. मग मन लावून केला."

"आणि ते तीनशे?" सुहासिनीने विचारलं. "ते कोण शिवणार?"

"लाइनवरच्या मुली. वाईट नाहीत हं, त्यांना बोल लावू नका. एक नुसत्या बाह्या जोडते, एक नुसते गळे. तासाला किती झाले ते फळ्यावर लिहितात. फीत लावायला वेळ जातो, तर फीत गळते. गोल तळाला कापड फिरवावं लागतं, तर तळ चौकोनी होतो. सॅम्पल दाखवायला असतं ताई. सगळीकडे असंच." मग घाईने म्हणाले, "माझं नाव नका घेऊ तिथे. दोन दुपारी आहेत माझ्या, त्या जातील."

सुहासिनीने फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. रविवार असूनही साईनाथने उचलला.

"मॅडम! कन्फर्म करताय ना?"

"एकच विचारायचं होतं. सॅम्पल फार सुंदर आहे. कोणी शिवलंय?"

"मॅडम, आमच्या टीमने."

टीम समोरच्या खुर्चीत बसून चहात बिस्कीट बुडवत होती. बिस्कीट तुटून पडलं, पण टीमने हूं की चूं केलं नाही.

"तीनशेच्या तीनशे कुर्त्यांना आतून फीत आणि गोल तळ असेल?"

"मॅडम, क्वालिटी एकदम सेमच असते."

"फीत असेल का?"

"बघू ना मॅडम. प्रॉडक्शनशी बोलून घेतो."

सुहासिनी एकोणतीस वर्षं काउंटरच्या आत बसलेली. 'बघू' म्हणजे काय, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिने स्वतः तो शब्द हजारो माणसांना दिला होता. तिने साईनाथचे आभार मानले, नको म्हणून सांगितलं, आणि मास्तरांचं नाव घेतलं नाही.

मग ती मास्तरांकडे वळली. "मास्तर, मग तुम्हीच शिवा."

"पाटी वाचली नाही का?"

"वाचली. पण का नाही शिवत?"

"पाटीवर तेही लिहिलंय, विचारू नये म्हणून." शहजादीने डोळे मोठे केले तसे ते सांगायला लागले. "बारा-तेरा वर्षं झाली. तिथेच, जिन्यापाशी, एक ताई म्हणाल्या, 'मास्तर, तुमच्या एका शिलाईत तयार दोन येतात.' हिशोब बरोबरच होता त्यांचा. त्याच दिवशी पाटी रंगवून घेतली."

त्या ताई कोण, हे ते बोलले नाहीत. सुहासिनी एकदम उठली आणि चहाचे कप गोळा करू लागली. कप अजून भरलेले होते.

खोलीत कोणी काही बोलेना, म्हणून मला बोलावं लागलं. जन्मभर मी वर्गातली शांतता मोडत आले. सवय जात नाही. मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही शिवू नका. पेपर तपासा. स्वतःचा तपासता येत नाही हे मान्य, दुसऱ्याचा तर येतो?"

"दुसरं कोण आहे शिवायला?"

"मी आहे," शहजादी म्हणाली. तिच्या गल्लीतल्या आणखी तिघी घरी बसून कारखान्यांच्या कॉलर शिवत होत्या. नुसत्या कॉलर, गेली पाच वर्षं. पूर्ण कपडा कसा दिसतो हे त्या विसरल्या असतील, असं ती म्हणाली.

"आणि मी आहे," सुहासिनी म्हणाली.

"तू?" बाळ म्हणाला. आवाजात कुचेष्टा नव्हती. निखळ भीती होती.

"खिसे मी शिवणार."

अशा रीतीने आमोदचा लाल रकाना उघडला. जागेसाठी बाळची तळमजल्यावरची खोली रिकामी करण्यात आली. तिथे तो बत्तीस वर्षांची वर्तमानपत्रातली कात्रणं जपत होता, 'पुढे लागतील' म्हणून. ती पुढे लागली; कुर्त्यांचे कागदी नमुने त्यांतूनच कापले. चार जुनी मशीन आली. आमोदने फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आई, हे स्केल होणार नाही."

"तू झालास तेवढं पुरे," सुहासिनी म्हणाली.

मास्तरांनी गुरुवार हडपसरचा बंद केला आणि इथे दिला. मंगळवारी ते अजून टीम असतात. बाकीच्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी आणि जेवायला बंद केल्यावर येऊ लागले. शिवलेला प्रत्येक कुर्ता उलटा करायचा, खिशात मूठ घालायची, आणि पास असेल तर उजवीकडे ठेवायचा. डावीकडचा ढीग बघून पहिल्या आठवड्यात शहजादी सासऱ्याशी बोलायची बंद झाली होती.

पाचव्या दिवशी इमारतीच्या फलकावर सूचना लागली. सेक्रेटरींनी कोणाचं नाव घेतलं नव्हतं, तेवढी सभ्यता आमच्याकडे आहे. 'दुपारी एक ते चार या वेळेत इमारतीत कारखाना चालवू नये. इतर वेळीही चालवू नये, परंतु त्याबद्दल नंतर बोलू.'

सुहासिनीचा धीर सुटला. प्रदर्शनाला सव्वा महिना, त्यातून रोजचे तीन तास गेले, आणि 'नंतर बोलू' झालं तर सगळंच गेलं. "बाई, हडपसरला हो म्हणायला हवं होतं का?" तिने मला पायरीवर बसून विचारलं. तिच्या डाव्या हाताच्या तीन बोटांना पट्ट्या होत्या. मला उत्तर येत नव्हतं, आणि या वेळी समासही हाताशी नव्हते.

मास्तरांनी सूचना दोनदा वाचली. "सेक्रेटरीसाहेब बरोबर बोलतात," ते म्हणाले. "एक ते चार मशीन नको. एक ते चार उसवायचं. उसवायला आवाज होत नाही."

तोच कारखान्याचा नियम झाला. सकाळी शिवायचं, दुपारी उसवायचं. पेठ झोपली की खोलीत पाच बायका मांडीवर कुर्ते घेऊन टाके काढत बसत, मास्तर दारापाशी स्टुलावर. बोलायचं असेल तर कुजबुजून. रोज तीन तास उसवावं लागतं म्हटल्यावर चौथ्या आठवड्यात त्या सकाळी जपून शिवायला लागल्या. जपून शिवायला तेवढा वेळ कॉलरच्या दिवसांत त्यांना कोणी दिला नव्हता. शहजादी पुन्हा सासऱ्याशी बोलू लागली. सेक्रेटरी नंतर बोलणार होते ते अजून बोललेले नाहीत. त्यांच्या पत्नीने दोन कुर्त्यांसाठी नाव नोंदवलं आहे, हा योगायोग.

प्रदर्शनाच्या दिवशी उजवीकडच्या ढिगात तेवीस कुर्ते होते. शेजारच्या स्टॉलवर कुर्त्यांची भिंत, इथे एक दांडी. पण बायका यायच्या, हात खिशात घालायच्या आणि हात बाहेर काढायच्या आत भाव विचारायच्या. पहिल्या दिवशी दुपारी दीडला तेवीसही संपले. उरलेले अडीच दिवस सुहासिनी, भाडं भरलेलं असल्यामुळे, मास्तरांचं सॅम्पल टांगून वही घेऊन बसली. "माझा कधी मिळेल?" असं कोणी विचारलं की सांगायची, "पास झाला की."

"म्हणजे कधी?"

"ते माझ्याही हातात नाही. मीच नापास आहे."

ते खरं होतं. त्या तेवीस कुर्त्यांत सुहासिनीच्या हातचा एकही खिसा नव्हता. पहिले नऊ मास्तरांनी न बोलता डावीकडे ठेवले होते. दहाव्याला "फीत उलटी" एवढंच म्हणाले. अकराव्याला "बरंय" म्हणाले आणि डावीकडेच ठेवला. लोक येऊन तिचं कौतुक करत, 'खिसा'वाल्या बेहेरेबाई म्हणून ओळख करून देत, आणि ती मान हलवून ऐकून घेई. घरी गेल्यावर ती काय करी ते मला ठाऊक आहे, कारण तिच्या मशीनचा दिवा माझ्या बाल्कनीतून दिसतो. दहाला मात्र तो बंद होई. सेक्रेटरींचा तेवढा धाक आहे.

दिवाळी होऊन गेल्यावरच्या गुरुवारी मी खाली गेले होते. सव्वादोन झाले असतील. वरच्या मजल्यावर कोणाचा तरी पंखा घरघरत होता, बाकी इमारत गाढ. पाचही जणी उसवत होत्या. मास्तरांनी ढिगातला एक बदामी कुर्ता घेतला, उलटा केला. खिशात मूठ घातली. ताणून पाहिली. बोटाने तळाच्या गोलाईवरून हळूहळू एक फेरी मारली, आणि थांबून दुसरी मारली. सुहासिनीच्या हातातली सुई थांबली होती. म्हणून मला कळलं कुर्ता कोणाचा.

मास्तरांनी तो सुलटा केला, घडी घातली आणि उजवीकडे ठेवला. मग पुढचा कुर्ता घेतला.

एक ते चार मोठ्याने बोलायचं नसतं. सुहासिनी उठली, उजवीकडच्या ढिगातून तो कुर्ता उचलून अंगातल्या ड्रेसवरच चढवला, बाळच्या कात्रणांवर ठेवलेली खोलीची किल्ली त्या खिशात टाकली, आणि पुन्हा खाली बसून उसवायला लागली.